सासऱ्यांनी वाचवलेली छत्री

सॅटेलाइट इंटरनेट म्हटलं की मला आमचे सासरेच आठवतात. तुर्भ्याचं मिरचीचं दुकान दोन दिवस बंद ठेवून सासुरवाडीला गेलो होतो. गावात मोबाइलला रेंज नाही, पण मेव्हण्याने गच्चीवर सॅटेलाइटची छत्री बसवलेली. माझा शेअर धडाधड पडत होता. विकायचं बटण दाबणार, तोच पाऊस आला आणि सासरे वाळलेले कपडे काढायला गच्चीवर धावले.

सासूबाई खालून ओरडल्या, "अहो, भिजाल! छत्री घ्या!"

माझं नेट गेलं. दारात सासरे उभे, स्वतः चिंब, कडेवर डिश, वायर लोंबतेय.

"जावईबापू, हिच्यावर एक थेंब पडू दिला नाही!"

बायको म्हणाली, "बाबा, शेअर पडला, ह्यांचा चेहरा पडला, थेंबच काय तो पडायचा राहिला!"