बूस्टर नसलेली गाडी आणि नानांचा गुडघा

माझा जन्म भडगावजवळच्या खेड्यातला. वडील, म्हणजे आमचे नाना, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढायचे, माय लोकांच्या शेतात कापूस वेचायची. मी चौथीत असताना एक गाठ सरकली ती नानांच्या उजव्या गुडघ्यावर आली. काय सांगू तुम्हाला, दोन वर्षं माणूस खाटेवर आणि चूल एकट्या मायच्या बोटांवर. मग बसल्या बसल्या ते गावातले पंप खोलायला लागले, खोलता खोलता दुरुस्त करायला लागले, पुढे रिक्षा, टेम्पो, आणि त्यांना पाने उचलून देता देता मी शिकले. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच. मेकॅनिकल. आता धुळ्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवते, आणि हे मी मान ताठ ठेवूनच सांगते.

तर गाडी. नानांनी दुसऱ्यांच्या इतक्या गाड्या चालत्या केल्या, स्वतः एकही चालवली नाही, त्या पायामुळे. मी म्हटलं आपण आपली बनवू, बुटकी, उघडी, दोघांपुरती स्पोर्ट्स कार, रस्त्यावर न्यायची नाही, उन्हाळ्यात बाजार समितीचं आवार रिकामं असतं तिथे विचारून फिरवू, पण चालवणार तुम्ही. चौकट घरी वेल्ड केली, भंगारातल्या व्हॅनचं इंजिन, पेडल, ब्रेक, बठ्ठं म्हणजे सगळंच घेतलं. बूस्टर तेवढा मी काढला. बूस्टर म्हणजे ब्रेकमागचा तव्याएवढा डबा, इंजिनाच्या ओढीने पायाला जोर देतो. तो आमच्या अरुंद गाडीत मावेना, आणि मी कागदावर मांडून दाखवलं की सहाशे किलोच्या गाडीला तो लागतच नाही. नानांनी कागद उलटासुलटा बघितला.

"तुना हिशोब बरोबर शे बाई, पन मना गुडघाले तो कोन समजाडी?"

मी हसले. हसायला नको होतं.

आवारात नाना चालवायला, मी शेजारी. गाडी सावकाशच होती, नानांनी ब्रेक दाबला, आणि पेडल दगड. दोन्ही पायांनी दाबलं तरी गाडी जाऊन कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरली. लागलं कुणालाच नाही, पण शेजारचे आबा तिथेच होते, म्हणाले मास्तरीणबाईंची गाडी भुकेली दिसते, चरायला लागली.  घरी आल्यावर नाना म्हणाले गाडी तू चालव, मी बघतो. ते मला फार लागलं, कारण गाडी त्यांच्यासाठीच तर केली होती.

दुसऱ्या दिवशी मी केळीचे घड तोलायचा सपाट वजनकाटा मागून आणला, भिंतीला टेकवून उभा केला, समोर खुर्ची, आणि नानांना म्हटलं दुखेल त्याच्या आधी थांबायचं, तिथपर्यंत दाबा. काटा चाळीस किलोवर गेला. मग गाडी थांबवायला पेडलवर किती भार लागतो ते हिशोबाने काढलं, तर तो ऐंशी किलोच्या वर. तेव्हा माझी चूक मला दिसली. पेडल आणि त्यामागचा ब्रेकचं तेल ढकलणारा सिलिंडर बूस्टरवाल्या गाडीसाठी घडवलेले, मी मदतनीस काढला आणि त्याचं बठ्ठं काम पायावर टाकलं. हिशोबात गाडीचं वजन धरलं, पाय धरलाच नाही.

नाना म्हणाले, हापशीचा दांडा आखूड असला तर पाणी कोण ओढेल, तसं हे शे. त्यांनी पेडलचा दांडा वाढवला, मी बारीक सिलिंडर बसवला. आता पेडल जरा खोल जातं, पण भार तिसावर आला.

पुन्हा आवार. माझे हात मांडीखाली घट्ट. नानांनी दाबलं आणि गाडी जागेवर उभी. त्यांनी पुन्हा चालवली, पुन्हा थांबवली, असं दहा-बारा वेळा, कारण नसताना, आणि आबा उन्हात उभे राहून कंटाळून गेले. मी श्वास सोडला तो बहुतेक त्या ढिगापासून रोखलेला असावा.

आता मी दर रविवारी धुळ्याहून येते तेव्हा नाना आवाराच्या फाटकाच्या आत गाडी घेऊन उभे असतात, मी शेजारी बसते. गाडीला बूस्टर नाही. नाना ती स्वतःच्या उजव्या पायाने थांबवतात.