चाड्यावरची मूठ

माझं माहेर आन् सासर दोन्ही सांगलीकडचं, खानापूर तालुक्यातलं, सगळा माळ, पानी कमी, म्हनून तिकडची निम्मी मानसं गलाईला बाहेर पडलेली, म्हंजे सोनं-चांदी गाळायला. कुठल्याबी शहरात सोनारांच्या गल्लीत जावा, भट्टीवर आमच्याकडचा कुनीतरी बसलेला असतोय. मी मातूर रानातली. पोरगी असल्यापास्नं आय मला पेरनीला न्यायाची. म्होरं बैल, मागं कुरी, म्हंजे पेरायचं अवजार, कुरीवर चाडं, म्हंजे लाकडी वाटीच म्हना, त्यात मुठीनं बी सोडत चालायचं, बैलाच्या पावलाबरोबर, जास्त न्हाई, कमी न्हाई. बायकांचंच काम ते, पन समद्यांस्नी जमत न्हाई. मला जमायचं. काय सांगू तुम्हाला, लोक बोलावून न्यायची, हिच्या हातचा शाळू जोंधळा दोरी धरल्यागत उगवतोय म्हनायची. मामंजींनी तेवढ्यावर सून करून घेतली, आन् वाटनीला दोन एकर माझ्या नावावर लावलं, पोराच्या न्हाई, माझ्या. सातबाऱ्यावर माझं नाव हाय म्हनून मी लई मिरवायची.

मंग ह्यांच्यासंगं हिकडं तमिळ मुलखात, सौकारपेटला आले, तीस वर्सं झाली. खाली भट्टी, वर खोली, आन् ॲसिडचा वास जेवताना सुदिक. ह्ये सोनं आटवायचे, मी केर झाडायची. हसू नका, सोन्याच्या दुकानातला केर कोन टाकत न्हाई. फरशी झाडायची, पायपुसनं झटकायचं, ती माती धुवायची, पुन्यांदा धुवायची, तवा कुठं बारीक कन गावायचा. तो हातातनं सुटला तर ह्यांचा आवाज चढायचा, म्हनून मूठ आवळून धरायची, झोपेतबी आवळलेली असायची. एकदा आटवायला सोनं देनाऱ्या शेटच्या बायकोनं इचारलं, तुम्ही कोन लोक. म्हनलं शेतकरी. ती लई हसली, सोन्यात बसून शेतकरी म्हने. पन तिच्या पोरीच्या लग्नात आमची पंगत मागच्या दाराला, कामवाल्यांच्यात. गावाकडं गेलं की उलटंच, सोनेवाल्या आल्या, खुर्ची आना. मला दोन्हीकडं अवघडायचं. पन मनात म्हनायची, असू द्या, माझं दोन एकर हाय, मी एक दिस जाऊन पेरनार हाय.

लेक हितंच अड्यारला नोकरीला लागली आन् मी ह्यांच्या मागं लागले, आता गावाला जाऊ, मी माझं रान करते. लेक निम्मं तमिळ निम्मं मराठी बोलती, अम्मा, तुला जमनार न्हाई म्हनली. ह्ये म्हनले, यंदाची पेरनी करून ये, जमलं तर मी भट्टी बंद करतो. शब्द दिला मला. गेल्या दसऱ्याच्या सुमाराला मी एकटीच गेले.

माझं रान धाकटी जाऊ करती, सुमन. गावात समदी ट्रॅक्टरनं पेरत्यात, पन तिनं खिलारी बैलजोडी ठेवलीया. ती म्हनली, आक्का, तुम्ही बांधावर बसा, मी पेरते. मला राग आला. म्हनलं, तू नवी नवरी होतीस तवा मी निम्म्या गावाचं पेरत होते, हो बाजूला. वटीत बी घेतलं, चाड्यावर मूठ धरली, पायाला ढेकळं लागली आन् रडले, खोटं कशाला सांगू. सुमन मागनं चालत हुती. हळूच म्हनली, आक्का, बी कमी पडतंय. मी ऐकलंच न्हाई.

आठ दिसांनी कोंब आलं. हातभर जागंत उगवलेलं, मंग चार पावलं मोकळं, मंग पुन्यांदा हातभर. मूठ सुटतच नव्हती की माझी. रस्त्याच्या कडंचं रान, जानारं-येनारं बघायचं आन् काय बोलायचं न्हाई. अवो, आदी असं कुनी पेरलं असतं तर गावानं शिव्या घातल्या असत्या, वर्सभर नावं ठेवली असती. पन पावनीला कोन हसतंय. ते मला लई लागलं.

सुमन खुरपं आन् बी घेऊन आली, मोकळ्या जागी एक एक दाना टोकायला बसली. मीबी बसले तिच्याजवळ. बसल्या बसल्या मनात आलं, हिनं इतकी वर्सं हे रान केलं आन् हिचं नाव कुठल्याच कागदावर न्हाई, जनगननेला सुदिक हिचा धंदा इचारला तर घरकाम सांगत्यात. आन् शेतकरी कोन, तर मी.

तिथनंच ह्यांस्नी फोन लावला. म्हनलं, भट्टी चालू ठेवा, आन् ते दोन एकर सुमनच्या नावावर करायचं. ह्ये म्हनले, नीट इचार कर, मंग तू शेतकरी राहनार न्हाईस. म्हनलं, ते कवाच झालंय, आपल्याला कळलं आत्ता.

झाला कागद. बरं वाटतं का म्हनाल तर न्हाई वाटत, आता दसरा जवळ आलाय, रोज फोन करून इचारते, वाफसा आला का, कुरी काढली का. सुमनबी न कटाळता सांगती. तिला एकच म्हनले, देव तुझ्या रानाला पानी देऊ दे बाई, आन् पोराचं लगीन झालं की सुनेला तुझ्याजवळच ठेव, सोनाराच्या गल्लीत धाडू नगंस.