सूपमधला थेंब

सून: आई, पुन्हा विचारते. बाबांच्या खाण्यात गेल्या महिन्यात नवीन काय आलं?

सासू: आणि मी पुन्हा सांगते, काही नाही. अगं, या माणसाच्या ताटात नवीन काही यायचं तर आधी अर्ज करावा लागतो.

सासरे: मी इथेच बसलोय.

सासू: म्हणूनच बोलतेय. पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

सून: ऐका ना. बाबांच्या हृदयातली झडप धातूची. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. इतकी वर्षं एकाच डोसवर सगळं सुरळीत, आणि आता रिपोर्टात रक्त एकदम दाटलंय. कारण सापडेना म्हणून आज संध्याकाळपासून डॉक्टर डोस वाढवताहेत.

सासू: मग वाढवू दे. शिकलेला माणूस आहे.

सासरे: पुलाला तडा का गेला ते न बघता खांब जाड करणारे इंजिनीअरही शिकलेलेच होते. निवृत्त होईपर्यंत मी त्यांचंच निस्तरत होतो.

सून: बाबा, दुसरं कुठलं औषध?

सासरे: मी? आहे त्यातच पोटाचं औषधाचं दुकान झालंय. रविवारी ती ड जीवनसत्त्वाची पुडी तेवढी. तीही डॉक्टरांनीच दिलेली.

सासू: पुडी म्हणे! किंमत बघितलीस तिची? एका चहाच्या पैशात येते. त्या पैशात हाडं भरत नाहीत, दात कोरायची काडी मिळते.

सून: आई.

सासू: काय आई?

सून: तुम्ही स्वस्ताला नावं ठेवायला लागलात, की घरात महाग काहीतरी आलेलं असतं.

सासू: मी काही विकत घेतलं नाही. भाच्याने दिली.

सासरे: काय दिली?

सासू: बाटली. हाडांची. त्याच्या व्यायामशाळेत मिळते. सोनेरी झाकण आहे. त्याचे दंड बघितलेत का?

सासरे: मी कधी घेतली?

सासू: तुम्ही कशाला घ्याल! मी कॅप्सूल सुईने टोचते आणि दुपारच्या सूपमध्ये पिळते. जन्मभर शिवणकाम केलंय, एक थेंब वाया जात नाही.

सून: रोज? त्या पुडीशिवाय?

सासू: डॉक्टरांनी अगदी अंगाबरोबर बेतलं होतं. मी दोन बोटं माया ठेवली. पुढेमागे उसवायला बरं पडतं.

सून: आणा ती बाटली.

(सासू स्वयंपाकघरातून बाटली आणते. सून ती उलटी करून खिडकीपाशी धरते.)

सासू: पुढच्या बाजूला वाच. 'पोलादी हाडं' लिहिलंय.

सून: विम्याच्या कचेरीत निम्मं आयुष्य गेलं माझं, मी पुढची बाजू वाचतच नाही. हे बघा. ड जीवनसत्त्व. आणि त्याच्याखाली, मुंगीने लिहावं तसं, के.

सासू: असू दे की. सोबत.

सून: रक्त गोठायला के लागतं, आई. बाबांची गोळी त्या 'के'लाच आवर घालते. म्हणजे संध्याकाळी गोळी ब्रेक दाबणार आणि दुपारी तुमचं सूप गाडी पळवणार.

सासू: पण ते जीवनसत्त्व आहे, विष नव्हे.

सून: दुसऱ्या कुणाला चाललंही असतं. ही गोळी घेणाऱ्याला नाही. आणि ड दोन्हीकडून जातंय. जास्तीचं ड लघवीतून निघून जात नाही, अंगात साठतं.

सासरे: मला विचारायचंस तरी.

सासू: विचारलं असतं तर घेतली असती? तुमच्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा उशाशी मी होते. ती त्या खाटेवरून उठलीच नाही. तेव्हाच ठरवलं, या घरात ते होऊ द्यायचं नाही. दे ती बाटली, कचऱ्यात घालते. आजपासून बंद.

सून: थांबा! इकडे गोळी वाढवली आणि तिकडे के बंद केलं, तर रक्त भलतंच पातळ होईल. आपल्या मनाने काही नको. आधी फोन. मी लावते.

सासू: इकडे दे. पिळलं मी, बोलणारही मीच. हॅलो, डॉक्टर? मी झडपेची बायको बोलतेय... नाही, ते बरे आहेत, समोर बसून कान टवकारताहेत. रक्त का दाटलं ते सापडलं. सूपमधून मी देत होते... हो, के आहे त्यात... रोज एक, महिनाभर. बाटलीचा फोटो सून पाठवतेय... बरं. म्हणजे कॅप्सूल बंद, गोळी वाढवायची नाही, जुनीच... परवा परत रक्त. ड जास्त गेलं म्हणून कॅल्शियमही बघायचं... धाप लागली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे वाटले, तर तडक दवाखान्यात. कळलं. आता एक विचारते. ती रविवारची स्वस्त पुडी... तेच? अगदी तेच ड? मग सोनेरी झाकणाचे पैसे कशाचे?... झाकणाचे. बरं. ठेवते.

सून: ओरडले का?

सासू: माझ्यावर कोण ओरडणार? म्हणाला, कळवलंत ते फार बरं केलंत. पुडी तीच, रविवारीच, जेवणाबरोबर. पुड्या संपल्या की तपासणी, मग पुढचं तो ठरवणार. आणि नवीन काहीही आणलं तर आधी त्याला दाखवायचं.

सून: आणि भाच्याची बाटली?

सासू: परत करते. दंडांवर गेले, मागची बाजू वाचली नाही.

सासरे: तो थेंब मला दिसायचा.

सासू: कुठला?

सासरे: सूपवर तरंगणारा. मला वाटलं, डॉक्टरांनी बंद केलेलं लोणी तू चोरून घालतेस. म्हटलं, आपण कशाला तोंड उघडा.

सासू: महिनाभर?

सासरे: शिवाय शेवटच्या चमच्यापर्यंत तू शेजारी उभी असायचीस. एरवी वाढलंस की मशीनवर जाऊन बसतेस.

सासू: उद्यापासून थेंब नाही.

सासरे: नसू दे. तू उभी राहत जा.

सासू: राहीन. लोणी मागायचं नाही.