दोन कार्बुरेटरची मोटार

दिवाकरची बायको शांत आहे म्हणता ना, मग हे ऐका. तेव्हा नलिनी वहिनी लग्न होऊन महाल भागातल्या घरी नुकत्याच आल्या होत्या. दिवाकरनं एक जुनी विलायती मोटार घेतली होती, दोन कार्बुरेटरची. दोन्हींची हवा सारखी जुळली तरच इंजिन नीट चालायचं. म्हणून तो बॉनेट उघडून, कानाला रबरी नळी लावून दोन्हींची फुसफुस ऐकत होता. मी आत, अ‍ॅक्सिलरेटरवर.

"दे थोडा," तो म्हणाला.

मी दिला. पाय काढला, तर अ‍ॅक्सिलरेटर खालीच अडकलेला! इंजिन किंचाळायला लागलं.

"बंद कर बे!"

"किल्ली काढली गा! बंदच नाही होऊन राहिलं!"

स्विच बिघडला म्हणून या शहाण्यानं वायरी थेट जोडल्या होत्या. बॉनेट थरथरायला लागलं. "फुटते आता! पळ!" म्हणत दिवाकर भिंतीआड गेला, मीही उडी टाकली.

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, सरळ गाडीपाशी गेल्या आणि कार्बुरेटरच्या दोन उघड्या तोंडांवर दोन तळहात घट्ट दाबले. इंजिन गुदमरलं, आचके दिले आणि बंद पडलं.

आम्ही हळूच गाडीपाशी आलो. वहिनींच्या तळहातांवर लालभडक गोल वळ उठले होते.

"तुले कसं माहीत वं, हवा बंद केली का इंजिन मरते म्हणून?" दिवाकरनं कसंबसं विचारलं.

"हवा-बिवा मले काय माहीत?" वहिनी म्हणाल्या. "जे बोंबलून राहिलं होतं, त्याचं तोंड दाबलं."