तहकुबीला येतो!

…प्रभाग तेरा म्हणे! अहो, तेरा हे काय गावाचं नाव झालं? करंजबाव म्हणा, करंजबाव! स्वतंत्र ग्रामपंचायत होती आमची, इथेच रत्नागिरी जिल्ह्यात, शहराला खेटून पण शहराबाहेर! कुठलं शहर ते विचारू नका, उगाच भांडणं नकोत. त्या शहरानं गिळलं आम्हाला. पण नाव मी परत लावून घेणारच. हसा खुशाल… मी काही सोडत नाही!

तुम्हाला सांगत्ये, ही पंचायत आयती नव्हती मिळाली. आमचे मामंजी पहिले सरपंच, आणि कचेरी कुठे? देवळाच्या पडवीत! पाण्याची टाकी बांधायला पुरुषांनी जांभ्याचे चिरे वाहिले, आम्ही बायकांनी वाळू. नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा सासूबाई त्याला हळदकुंकू वाहून ढसाढसा रडल्या हो! आणि मागनं बांधलेल्या त्या छान कचेरीत आज काय आहे? नगरपालिकेचे खराटे!

आता विचाराल, मग गेली कशी? आम्हीच घालवली… आमच्या खोडीनं! ग्रामसभेला पुरेशी माणसं नसली की सभा तहकूब, मग थोड्या वेळानं तीच सभा परत, आणि तिला माणसांची अट नाही. झालं! हे एकदा गावाला कळल्यावर वेळेवर कोण मरायला जातंय? मी कुंपणावरनं ओरडायची, "सदूभावजी, निघा, सभा!" की हे आपले आंब्याच्या कलमाखाली पाय पसरून, "वैनी, घाय कसली? तहकुबीला येतो!" पलीकडनं चिमाआत्या, "मी पन गो, तहकुबीलाच!" वर्षानुवर्षं हेच. ग्रामसेवक तर आल्या आल्या सभा तहकूब करून चहा प्यायचा!

आणि मग आली ती शहरात जायची सभा. गावात नव्या झालेल्या इमारतींतल्या लोकांना जायचं होतं, आम्हाला नव्हतं. ते आले वेळेवर. करंजबावात, वेळेवर! सतरंजी भरली, ठराव वाचला, हात वर, मंजूर! विरोधात मी एकटी, दोन्ही हात वर करून. आणि आमचं गाव? टोपीबिपी घालून, पान लावून, ऐटीत आलं तहकुबीला… तेव्हा शिपाई सतरंजी घडी करत होता! सदूभावजी विचारतात, "मंग सभा कदी?" म्हटलं, "आता कधीच नाही!" खरं सांगत्ये, तिथेच पायरीवर बसून रडले मी. पंचायत गेली, पण नाव जाऊ द्यायचं नाही… मी काही सोडत नाही!

मग प्रभागाला करंजबाव नाव द्या म्हणून नगरपालिकेत खेटे घातले. शेवटी साहेब म्हणतात कसे, "ताई, विषय घेतो सभेपुढे, पण गावाची माणसं दिसू द्यात!" दाखवते म्हटलं! परवा एकेकाला घरातनं ओढून काढलं. सदूभावजींची अंघोळ अर्धी, चिमाआत्यांचे हात पिठाचे, पण अख्खं करंजबाव सभा सुरू व्हायच्या आधी तिथे हजर! आमच्या सात पिढ्यांत असं झालं नव्हतं हो! मी पदर खोचून बसले. अध्यक्ष उठले, समोरची डोकी मोजली… नगरसेवकच पुरेसे नाहीत! "सभा तहकूब!"

मी कपाळाला हात लावला. आणि सदूभावजी असे खुलले, असे खुलले, अख्ख्या गावाकडे वळून म्हणतात, "बगा! वैनीस कवापासनं सांगतोय, तहकुबीलाच यायचं असतं!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या हो… ह्या माणसांना घेऊन मी गावाचं नाव वाचवत्ये!