राखाडी कोंबड्याबाबत पुरवणी जबाब

मी, एर्सिरा कायुपान मारिलेओ, वय ५२ वर्षे, अविवाहित, धंदा कोंबड्या पाळणे व लोकर विणणे, राहणार त्रावाको वस्ती, ओढ्याकाठचे शेवटून दुसरे घर, अराउकानिया, चिले. आज दिनांक ११ एप्रिल २०१८ रोजी सकाळी १०.२० वाजता, कोणी बोलावले नसताना, आपण होऊन ठाण्यात येऊन सांगते की,

याच ठाण्यात मी दिनांक ८ मार्च रोजी माझे शेजारी अबेलिनो नेकुल, वय ७४, यांच्याविरुद्ध तक्रार दिली होती. माझा एक कोंबडा व चार तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, त्यांनी माना पिरगाळून मारल्या, असे मी त्यात लिहून दिले होते. ते खरे नव्हते.

ड्यूटीवरील सार्जंटनी मला सांगितले की, अबेलिनो नेकुल मयत झाल्याने ते प्रकरण बंद झाले आहे, आता जबाब घेण्याचे कारण उरलेले नाही. मी म्हणाले, "प्रकरण बंद झालं असेल. लिहिलेलं आत तसंच आहे ना?" ते म्हणाले, "लिहिलेलं खोडता येत नाही, बाई." मी म्हणाले, "मग त्याच्यामागे आणखी एक कागद लावा." म्हणून हा जबाब घेतला जात आहे.

आमच्याकडे निळी अंडी देणारी कोंबड्यांची जुनी जात आहे. शेपूट नसते आणि कानांपाशी पिसांचे झुबके असतात. त्रावाकोत शुद्ध वाण फक्त अबेलिनो यांच्याकडे राहिला होता. गेल्या वर्षी खुब्याच्या हाडासाठी ते दोन महिने इस्पितळात होते, तेव्हा कुत्र्यांनी त्यांचे खुराडे फोडले. ते परतले तेव्हा तीन म्हाताऱ्या कोंबड्या आणि एक म्हातारा कोंबडा एवढेच उरले होते. ऑगस्टच्या शेवटी त्यांनी टोपलीत लोकर घालून बावीस अंडी माझ्याकडे आणली. माझ्या दोन कोंबड्या तेव्हा खुडूक होत्या. ते म्हणाले, "माझ्याच्यानं आता वाकवत नाही, लामिएन. तू वाढव. मोठी झाली की एक कोंबडा आणि दोन तलंगा मला दे. बाकी तुझं." लामिएन म्हणजे बहीण. आमच्यात तसेच बोलतात. मी हो म्हणाले. पुढे महिन्याभरात त्यांचा म्हातारा कोंबडाही मेला.

बाविसातून तेरा पिल्ले निघाली. नर-मादी दोघांनाही झुबके असले की काही पिल्ले कवच न फोडताच मरतात, त्यात खुडूक कोंबडीचा दोष नसतो, हेही मला अबेलिनो यांनीच सांगितले. पाच नर, आठ माद्या. दर रविवारी ते काठी टेकत येत. ओल्या गवतात सोडू नकोस, नर-माद्या चौथ्या महिन्यात वेगळ्या कर, असे सांगत. माझ्याकडे माते चहा पीत आणि जात. साधारण चार महिने असे चालले.

दिनांक १४ जानेवारी रोजी सकाळी राखाडी रंगाचा नर पहिल्यांदा आरवला. आवाज घोगरा होता आणि मध्येच तुटला. अबेलिनो कुंपणाशी होते. म्हणाले, "हा आरवला की पाद्रीबुवांना खोकला झालाय?" मग आत येऊन त्यांनी त्याला काखेत धरले, मागच्या हाडावर बोट फिरवले, कानांच्या झुबक्यांवर फुंकर मारली. नंतर म्हणाले, "दोन्हीकडे सारखे. तीस वर्षांत असा निघाला नव्हता. हा माझा."

त्या दिवसापर्यंत मला पाचही नर सारखेच वाटत होते. त्यांनी तसे म्हटल्यावर मला तो द्यावासा वाटेना. मी म्हणाले, अजून कोवळा आहे, जरा थांबा. फेब्रुवारीत त्यांनी दोनदा विचारले, मी दोनदा तेच सांगितले. मी त्यांना दुसरा, तांबडा नर दाखवला. ते म्हणाले, "याच्या एका कानाला काहीच नाही. मला काय आंधळा समजतेस?" एकदा बसथांब्यावर चारजणांत ते म्हणाले, "बी माझं, पीक हिचं, आणि म्हाताऱ्यानं कुंपणावरून नुसतं बघायचं." लोक हसले. मी म्हणाले, "फार बघू नका, दृष्ट लागेल." तेव्हाही लोक हसले. त्यानंतर त्यांचे रविवारी येणे थांबले.

फेब्रुवारीच्या अखेरीस तलंगांचे तुरे लाल झाले. पाठीवर हात ठेवला की त्या अंग चोरून खाली बसू लागल्या. म्हणजे अंड्यावर आल्या. दिनांक २ मार्च रोजी दुपारी पहिले अंडे मिळाले. लहान होते, एका बाजूला रक्ताची बारीक रेघ होती, रंग मात्र पक्का निळा. पहिले अंडे निघाले की मला हाक मार, असे अबेलिनो यांनी सप्टेंबरपासून सांगून ठेवले होते. माझ्या दारातून हाक मारली तर त्यांच्या घरात ऐकू जाते. मी हाक मारली नाही.

दिनांक ५ मार्च रोजी मी राखाडी नर आणि चार तलंगा वरच्या खुराड्यातून काढून खाली ओढ्याजवळच्या बटाट्याच्या खोपट्यात नेल्या. खिडकीला पोती ठोकली. हे मी पहिल्या तक्रारीत सांगितलेले नाही. ते न्यायला येतील, अशी मला भीती होती.

दिनांक ६ मार्च रोजी संध्याकाळी ६ वाजण्याच्या सुमारास अबेलिनो कुंपणाशी आले. तक्रारीत मी असे लिहून दिले आहे की, "तो तुझ्या अंगणात आरवायचा नाही" अशी त्यांनी धमकी दिली. हे शब्द त्यांचेच आहेत. पण वाक्य एवढेच नव्हते. ते पूर्ण असे होते : "त्याला असा अंधारात कोंडलास तर तो तुझ्या अंगणात आरवायचा नाही, लामिएन. कोंबडा उजेड बघून आरवतो. पोती काढ. मला नको देऊस, पण पोती काढ."

हे पूर्ण वाक्य लिहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

दिनांक ८ मार्च रोजी सकाळी ७ वाजता मी खोपट्याचे दार उघडले. राखाडी नर आणि चारही तलंगा मेलेल्या होत्या. माना लुळ्या होत्या, मानेमागे पिसांत थोडे रक्त होते. खाल्लेले काहीही नव्हते. जनावर असते तर खाल्ले असते, असे मी सांगितले होते. कुंपणापाशी ओल्या मातीत काठीची टोके उमटलेली होती, असेही सांगितले होते. ती सर्व कुंपणाच्या बाहेरच्या बाजूस होती. आतल्या बाजूस एकही नव्हते. कोणत्या बाजूस, असे मला तेव्हा विचारले गेले नाही आणि मीही सांगितले नाही.

दिनांक ९ मार्च रोजी शुक्रवारी सकाळी ठाण्याची गाडी त्यांच्या दारात आली. त्या दिवशी नर्सबाई वस्तीवर येतात, म्हणून रस्त्यावर बायका होत्या. अबेलिनो घरच्या चपलांवर बाहेर आले. बूट घालून येतो म्हणाले आणि पुन्हा आत गेले. खुब्यामुळे त्यांना बूट घालायला वेळ लागतो. गाडी थांबून राहिली. बायकांपैकी एकीने मला विचारले, "म्हाताऱ्यानं काय केलं गं?" मी सांगितले. मोठ्याने सांगितले.

दुपारी त्यांना सोडून दिले. ते रोसेंदोच्या बसने परतले. रोसेंदो आमच्या रस्त्यावर बस चालवतो. तो सांगतो की बस भरलेली होती, पण त्यांच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

दिनांक १४ मार्च रोजी सकाळी माझ्या फाटकाला एक कापडी पिशवी टांगलेली मिळाली. आत पांढरा चुरा होता. त्यात विष असेल असे समजून मी ती याच ठाण्यात जमा केली. तपासणीचा कागद मला दिनांक ३ एप्रिल रोजी मिळाला. तो चुरा शिंपल्यांचा होता. नव्याने अंडी घालणाऱ्या तलंगांना तो लागतो, नाहीतर कवच मऊ राहते. कुटणाऱ्याने तो बारीक चाळून घेतला होता.

त्यानंतर मी त्यांना दोनदा पाहिले, दोन्ही वेळा लांबून. ते दुकानात येत नव्हते. पीठ आणि साखर कोणाकडून तरी मागवत होते.

दिनांक २७ मार्च, मंगळवार, आणि दिनांक २८ मार्च, बुधवार, या दोन्ही दिवशी त्यांच्या धुरांड्यातून धूर निघत नव्हता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते धुरांडे दिसते. मी पाहिले. पूर्वी नऊ वाजेपर्यंत धूर दिसला नाही तर मी जात असे. दोन्ही दिवस मी गेले नाही. घरीच होते. काम विशेष नव्हते.

गुरुवारी लाकूडवाल्याने दार ढकलले. ते चुलीजवळच्या खुर्चीत होते. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचे सांगितले, सोमवारी रात्री किंवा मंगळवारी पहाटे. तुम्ही मंगळवारी गेला असतात तरी उपयोग नव्हता, असे सार्जंट आत्ता म्हणाले. मी त्यांना ते लिहू नका म्हणाले होते. नियमाप्रमाणे लिहावे लागते म्हणून लिहिले आहे.

दिनांक ३१ मार्च रोजी दफन झाले. नऊ माणसे होती. मी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होते. त्यांची मुलगी नोल्फा नेकुल, वय ४१, कोन्सेप्सियोन शहरात धोबीखान्यात काम करते, ती बाहेर येताना माझ्यापाशी थांबली. तिने विचारले, "बाबांनी खरंच मारल्या का?" मी म्हणाले, "मला तसं वाटलं होतं." ती म्हणाली, "मी ते विचारलं नाही."

दिनांक ४ एप्रिल रोजी सकाळी ८ वाजता वरच्या खुराड्यात गडबड ऐकू आली. मी गेले तेव्हा एक तलंग मरून पडली होती आणि तिच्यामागे भिंतीशी एक विसोन होता. हा मुंगसाएवढा, काळ्या अंगाचा प्राणी ओढ्याने फिरतो आणि हाती येईल तेवढे मारून टाकतो, खातोच असे नाही. मी त्याला फावड्याने मारला. तलंगेच्या मानेमागे पिसांत थोडे रक्त होते. मान लुळी होती. मग मी खाली जाऊन बटाट्याच्या खोपट्यातल्या फळ्या उचलून पाहिल्या. ओढ्याच्या बाजूला जमिनीलगत चार बोटांचे भोक होते. त्याच्या काठाला काळे केस होते. विसोनाचे कातडे व ते केस मी आज सोबत आणले आहेत.

दिनांक ७ एप्रिल रोजी मी रोसेंदोला बसमध्ये विचारले की कुंपणाबाहेर काठीच्या खुणा कशा आल्या असतील. तो म्हणाला, "अबेलिनोबाबा तिथं रोज उभे असायचे की. जानेवारीपासून. माझी सव्वासातची फेरी तिथूनच जाते. एकदा मी गाडी थांबवली, म्हटलं, बाबा, चढायचंय का? तर म्हणाले, गप, ऐकू दे. तो अजून शेवट लांबवत नाही, पण जमेल त्याला."

मी म्हणाले, "हे तू तेव्हा का नाही बोललास?"

तो म्हणाला, "तू पोलिसांत गेली होतीस. मला वाटलं, तुला पक्कं माहीत असणार."

दिनांक ८ एप्रिल रोजी मी टोपलीत एक नर आणि दोन तलंगा घेऊन अबेलिनो यांच्या घरी गेले. नोल्फा घर आवरत होती. मी तिला विसोनाचे आणि रोसेंदोचे सांगितले. टोपली पुढे केली. ती म्हणाली, "मी चौथ्या मजल्यावर राहते, बाई. या कुठे ठेवू?" मी म्हणाले की मी सांभाळीन, पण तुझ्या नावाने. ती म्हणाली, "नावाचंच बोलायला आलात तर ठाण्यात जा. तिथं बाबांचं नाव आहे." टोपली मी परत आणली.

विचारल्यावरून सांगते की, हा जबाब देण्यास मला कोणी भाग पाडलेले नाही. खोटी तक्रार देणे हा गुन्हा आहे, हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. तेव्हा मी ती खोटी आहे हे जाणून दिली होती का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. अर्धे वाक्य दिले हे जाणत होते का, असे विचारल्यावरून सांगते की, होय.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, एकच. माझ्यासोबत नोल्फा नेकुल आलेली आहे आणि बाहेर बाकावर बसली आहे. जबाब वाचून दाखवताना दार उघडे ठेवावे आणि सगळा मोठ्याने वाचावा.

त्याप्रमाणे वरील जबाब दार उघडे ठेवून पहिल्या ओळीपासून वाचला. मी ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, कमी किंवा जास्त काही नाही, म्हणून खाली सही करते. वाचून झाल्यावर सार्जंटनी नोल्फा नेकुल यांना साक्षीदार म्हणून सही कराल का, असे विचारले. त्या दारात आल्या. कागदाला हात लावला नाही. म्हणाल्या, "मी ऐकलं, एवढंच लिहा."

एवढेच लिहिले आहे.

सही : एर्सिरा कायुपान मारिलेओ
वेळ दुपारी १२.०५