शंभर दिवसांची किटली

नाही नाही, हसू नका, आधी नीट बघा आणि मग बोला… हा कागद मी असा धरतो, मागच्या खुर्च्यांनाही दिसेल असा, आणि आता सांगा, हे काय आहे? …बदक? कोण म्हणालं बदक? तुम्ही होय, चष्मेवाले? बरं. बदक म्हणालात हे विसरू नका, शेवटी लागणार आहे. कारण तुम्हाला सांगतो, या कागदापायी, म्हणजे याच्या आधीच्या शंभर कागदांपायी, माझ्या घरात सव्वातीन महिने चहा पातेल्यातून थेट कपात ओतला गेला, निम्मा कपात, निम्मा ओट्यावर, आणि का? तर किटलीला हात लावायचा नाही!

हे सगळं साडूमुळे. साडू म्हणजे काय? आपल्याच सासूबाईंचा दुसरा जावई, पण चांगला. हा माणूस धरलेलं सोडतच नाही हो! पहाटे धावायला लागला, दोन वर्षं धावतोय. बासरी घेतली, ती वाजवतोय, आणि वाईट म्हणजे ती बासरीसारखीच वाजते. आणि मी? माझी गिटार कपाटावर, व्यायामाची सतरंजी पलंगाखाली, आणि डायऱ्या… सात डायऱ्या आहेत माझ्या, प्रत्येकीत चार जानेवारीपर्यंत सविस्तर आत्मचरित्र आणि पुढे किराण्याची यादी.

तर एका रविवारी सगळे जेवायला बसलेलो, ही, मेव्हणी, सासूबाई, आणि हा साडू मला म्हणतो, आवाज कसा, मधात बुडवून काढलेला, "दादा, एक करा. शंभर दिवस रोज एकच वस्तू काढा. कागद आणि पेन्सिल, बस्स. कुठली वस्तू ते आम्हाला सांगायचं नाही. शंभराव्या दिवशी मी आईंना घेऊन येतो, त्यांनी चित्र बघून ओळखली, तर मानलं तुम्हाला."

आता अशा वेळी बायकोने नवऱ्याची बाजू घ्यावी की नाही? ही वाढता वाढता, मान वर न करता म्हणाली, "चार दिवस." आणि सासूबाई नुसत्या हसल्या. ते हसणं मला लागलं, तुम्हाला सांगतो. बावीस वर्षं मी त्यांचा जावई आहे, आणि त्या एवढ्याशा हसण्यात माझ्या सातही डायऱ्या होत्या. म्हटलं, आता मेलो तरी बेहत्तर, पण सासूबाईंच्या तोंडून वस्तूचं नाव वदवून घेणार.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. माझ्या हाताखालून गेलेला काटा एका ग्रॅमला चुकत नाही. ज्याला ग्रॅम दिसतो, त्याला किटली दिसणार नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरची किटली उचलली, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली, ती जागची हलली तर कळावं म्हणून भोवती खडूने गोल मारला आणि घरात जाहीर केलं, शंभर दिवस किटलीला हात लावायचा नाही.

"आणि माझ्या बायकांचा चहा?" हिने विचारलं. ही घरी शिवणकाम करते, मापं द्यायला दिवसाला आठ-दहा जणी येतात, त्यांना चहा लागतो. मी म्हटलं, कला आहे, थोडं सोसावं लागतं. त्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं ना… ते मला काढता आलं असतं तर मी आज मोठा चित्रकार असतो.

पहिले चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी कागदासमोर बसलो तेव्हा ही मुद्दाम दोनदा टेबलाजवळून गेली. नजर हातातल्या शिवणावर. पण गेली! माझ्या आयुष्यातला तो पहिला पाचवा दिवस.

नवव्या दिवशी चित्र घेऊन आमच्या काट्यांच्या दुकानात कामावर गेलो, मालकांना दाखवलं. मालकांनी कागद लांब धरला, जवळ धरला, उलटा धरला आणि म्हणाले, "कोंबडा. पण आजारी आहे का?" चोविसाव्या दिवशी तेच मालक, "हत्ती. बसलेला." चाळिसाव्या दिवशी म्हणाले, "हेल्मेट." तुम्ही हसताय, पण मी त्या दिवशी दुकानात सगळ्यांना पेढे… म्हणजे बिस्किटं वाटली. का? अहो, हेल्मेट ही निर्जीव वस्तू आहे! चाळीस दिवसांत मी प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडलो होतो!

आणि अठ्ठावन्नाव्या दिवशी पोस्टमन दारात उभा, त्याला सही देता देता कागद दाखवला, तो म्हणाला, "झारी." झाडांना पाणी घालायची झारी! झारी म्हणजे किटलीची सख्खी चुलत बहीण हो, तोटीला तोटी, मुठीला मूठ… मी त्याला मिठीच मारणार होतो, तो मागे सरला म्हणून वाचला. त्यानंतर मात्र एकाहत्तराव्या दिवशी पुन्हा प्राणिसंग्रहालयात, बदक. सवयीचं असंच असतं, एक पायरी वर, दोन खाली, आणि मधेच माणूस घसरून बदकावर येतो. पण कागद सोडला नाही. ताप आला, पडून काढली. पाहुणे आले, पाहुण्यांच्या मधून काढली. खिडकी पुसायला आलेल्या बाईंना मी लांबूनच ओरडून सांगायचो, पुसा, पण किटलीला हात लावायचा नाही!

एक सांगतो, रोज बघून बघून त्र्याऐंशीव्या दिवशी मला दिसलं की किटलीच्या मुठीला बारीक सुती दोरी गुंडाळलेली आहे, इतकी घट्ट आणि नेटकी, की ती मुठीचाच भाग वाटावी. हिला विचारलं, ही दोरी कधीपासून? मशीन न थांबवता म्हणाली, "लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तुमचा हात भाजला होता ना, तेव्हाच गुंडाळली." वीस वर्षं मी त्या किटलीतून चहा ओतून घेतोय आणि मला वाटायचं किटली चांगल्या कंपनीची आहे. त्या दिवशी मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मी बराच वेळ नुसती दोरीच काढत बसलो.

आणि मग शंभरावा दिवस! सकाळी पेन्सिलीला टोक करून टेबलापाशी येतो तर काय, खडूचा गोल आहे आणि किटली नाही! स्वयंपाकघरात गेलो, तर ही किटलीत चहा गाळतेय. मी म्हटलं, अगं, शेवटचा दिवस, किटलीला हात… ही गर्रकन वळली, एक हात कमरेवर, दुसरा टेबलाकडे रोखलेला.

"माझी आई येणार आहे, तिला पातेल्यातला चहा देणार नाही. तिकडे बसा आणि आज माझं चित्र काढा. बावीस वर्षं समोर आहे, एकदा तरी नीट बघा."

टेबलापाशी बसलो. काढलं. ती तशीच उभी राहिली, वीस मिनिटं, डोक्यावर अंबाडा, कमरेवर हात, दुसरा हात रोखलेला, आणि मी इतकं मन लावून काढलं, इतकं मन लावून… नव्याण्णव किटल्यांत जे जमलं नव्हतं, ते सगळं त्या एका चित्रात उतरलं.

बेल वाजली. साडू, मेव्हणी, सासूबाई. मी सांगणार होतो की किटली बुडाली, मी हरलो, पण साडूने कागद आधीच उचलला आणि आईंच्या हातात दिला. सासूबाईंनी चष्मा लावला. बघितलं. खूप वेळ बघितलं. आणि म्हणाल्या, "किटली. अगदी हुबेहूब."

शंभर दिवस ज्या शब्दासाठी मरत होतो तो शब्द! आणि आला कुठे? लेकीच्या चित्रावर! मी कागदाकडे बघितलं… वर अंबाड्याचं झाकण, इकडे मूठ, तिकडे तोटी… साडू माझ्या चेहऱ्यावरूनच समजला, माझा हात हलवतोय, "मानलं दादा, मानलं!" आणि ही दारात उभी, हातात खरी किटली घेऊन. मी तोंड उघडलं. पण मी काही बोलायच्या आत हीच म्हणाली, "हो आई, किटलीच आहे ती. शंभर दिवस रोज बसून काढलीय त्यांनी." आणि सगळ्यांच्या कपात चहा ओतला. एक थेंब सांडला नाही.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, सुटलो. ही म्हणाली, "उद्यापासून माझं. रोज. मी ओळखू येईपर्यंत." झालं! किटली सुटली, मी अडकलो. आज एकविसावा दिवस.

तेव्हा चष्मेवाले, मघाशी ज्या कागदाला तुम्ही बदक म्हणालात ना, तो आज सकाळचा आहे. मागे वळून बघू नका. ही तुमच्याच मागच्या खुर्चीवर बसलीय.